फॉरवर्ड म्हणून खेळलेला माणूस चांगला प्रशिक्षक होऊ शकतो का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

सर्वांना नमस्कार. शाळेत असल्यापासून मी फुटबॉलमध्ये आघाडीच्या फळीतच, म्हणजे फॉरवर्ड म्हणून, खेळत आलो. आधी जिल्हा पातळीवरील सामने, मग कोल्हापूर आणि गोव्याकडच्या निमंत्रितांच्या स्पर्धा आणि शेवटी बंगळूरच्या एका क्लबकडून काही हंगाम, असा माझा प्रवास झाला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे आता खेळणे थांबले आहे. अशा वेळी येथील एका शाळेने मुलांच्या संघाची जबाबदारी घ्याल का, अशी विचारणा केली आहे.

माझी अडचण अशी की, गोलसमोर काय करायचे हे मला कळते. पण बचावफळी कशी उभी करायची, चेंडू गमावल्यावर कोणी कोठे परतायचे, याचा विचार खेळताना मला फारसा करावा लागला नाही. आपल्याकडे मैदानावर ‘फॉरवर्डला समोरच्या जाळ्यापलीकडे काही दिसत नाही’ असे सर्रास म्हटले जाते आणि ते मनाला लागते. फॉरवर्ड म्हणून नाव मिळवून पुढे प्रशिक्षक म्हणूनही यशस्वी झालेल्या भारतीय खेळाडूंची वाटचाल कशी झाली, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. तसेच प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी बेळगावहून सुरुवात कोठून करावी, हेही सांगावे.

उत्तर (निपाणी)

आपण विचारलेल्या गोष्टीसाठी प्रदीपकुमार, म्हणजे पी. के. बॅनर्जी यांच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, म्हणून मी त्यांच्याविषयीच लिहितो.

पी. के. उजव्या बगलेवरून, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने, खेळणारे फॉरवर्ड होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या कोलकात्याच्या तिन्ही बड्या क्लबांपैकी एकाकडूनही ते खेळले नाहीत. त्यांची उमेदीची सारी वर्षे ईस्टर्न रेल्वेच्या संघात गेली आणि त्या संघाने 1958 मध्ये कोलकाता लीग जिंकली. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. बड्या क्लबात फॉरवर्डला पास देणारे खेळाडू तयार असतात, पण रेल्वेसारख्या संघात त्याला स्वतःच मागे येऊन खेळ उभा करावा लागतो आणि शेजारच्या खेळाडूला काय जमते व काय जमत नाही, याचा अंदाज सतत घ्यावा लागतो. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी जी माणसे ओळखली, त्याची सवय त्यांना तेथे लागली असावी, असे माझे मत आहे.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात ते होते. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले, तीच ही स्पर्धा. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार होते आणि फ्रान्सशी झालेल्या 1-1 बरोबरीतला भारताचा गोल त्यांचा होता. मात्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने 1962 ची जकार्ता आशियाई स्पर्धा अधिक बोलकी आहे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला उपांत्य आणि अंतिम सामन्यात चक्क आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवले. पहिला गोल पी. के. यांचा आणि दुसरा जर्नेलसिंग यांचा. खेळाडूची जागा त्याच्या नावावरून ठरत नाही, त्या दिवशी संघाला कशाची गरज आहे यावरून ठरते, हा धडा पी. के. यांना रहीमसाहेबांच्या हाताखाली प्रत्यक्ष सुवर्णपदकासह मिळाला.

1972 मध्ये त्यांनी ईस्ट बंगालची सूत्रे हाती घेतली. 1975 च्या आयएफए शिल्ड या कोलकात्यातील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने मोहन बागानचा 5-0 असा पराभव केला. त्यानंतर ते मोहन बागानकडे गेले आणि 1977 मध्ये ईडन गार्डन्सवर पेले यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाशी त्यांच्या संघाने 2-2 अशी बरोबरी साधली. त्या सामन्यात पेले यांना रोखण्याचे काम गौतम सरकार या मध्यफळीतल्या खेळाडूकडे सोपवले होते. ज्याने आयुष्यभर बचावपटूंना चकवले, त्याला फॉरवर्डला काय त्रासदायक ठरते हे इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. आपल्याला जी उणीव वाटते, तीच खरे तर आपली पुंजी आहे.

सामन्यापूर्वी खेळाडूंशी ते ज्या तळमळीने बोलत, त्याला कोलकात्यात ‘व्होकल टॉनिक’ असे नाव पडले होते. 13 जुलै 1997 रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर सुमारे 1,31,000 प्रेक्षकांसमोर फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना झाला. प्रशिक्षक अमल दत्त यांच्या मोहन बागानच्या ‘डायमंड’ रचनेचा (खेळाडूंच्या हिऱ्याच्या आकारातील मांडणीचा) तेव्हा मोठा गाजावाजा होता, पी. के. यांच्या ईस्ट बंगालने तो सामना 4-1 असा जिंकला आणि बायचुंग भुतियाने तीन गोल केले. प्रशिक्षकपद हाती घेतल्याला तोवर पाव शतक लोटले होते.

उत्तर (खानापूर)

निपाणीकर काकांनी लिहिलेले सर्व योग्य आहे, तरीही दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मोठा फॉरवर्ड मोठा प्रशिक्षक होतोच असे नाही. फ्रान्सचे फॉरवर्ड तिएरी आन्री यांच्याकडे ऑक्टोबर 2018 मध्ये मोनॅको संघ सोपवण्यात आला आणि जानेवारी 2019 मध्येच त्यांना बाजूला व्हावे लागले. इंग्लंडचे फॉरवर्ड अॅलन शिअरर यांनी 2009 मध्ये हंगामाच्या शेवटच्या आठ सामन्यांसाठी न्यूकॅसलची सूत्रे घेतली, पण संघाची खालच्या श्रेणीत होणारी घसरण ते थांबवू शकले नाहीत. दोघांच्याही खेळाविषयी मला नितांत आदर आहे. मात्र मुख्य प्रशिक्षकाची पहिलीच जबाबदारी त्यांच्यावर आली ती अडचणीत सापडलेल्या नामांकित संघाची, आणि शिकायला उसंत मिळाली नाही.

याउलट अॅलेक्स फर्ग्युसन पाहा. तेही फॉरवर्ड होते. 1965-66 च्या हंगामात डनफर्मलाइनकडून त्यांनी 45 गोल केले होते. प्रशिक्षणाची सुरुवात त्यांनी 1974 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, ईस्ट स्टर्लिंगशायर या अगदी छोट्या स्कॉटिश क्लबातून केली. तेथून सेंट मिरन, मग अॅबर्डीन, आणि 1986 मध्ये मँचेस्टर युनायटेड. आपल्याला शाळेचा संघ मिळतो आहे, ही गोष्ट कमी प्रतीची मानू नका. माझ्या मते सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

उत्तर (कॅम्प, बेळगाव)

भारतीय उदाहरणांत सुभाष भौमिक आणि शब्बीर अली या दोघांचा उल्लेख व्हायलाच हवा.

भौमिक अंगाने धिप्पाड आणि ताकदीने मुसंडी मारणारे फॉरवर्ड होते. 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ते होते. 1973 मध्ये मोहन बागान सोडून ते ईस्ट बंगालमध्ये आले, तेव्हा पी. के. तेथे प्रशिक्षक होते आणि त्यांच्या हाताखाली भौमिक यांचा खेळ पुन्हा बहरला. म्हणजे रहीम, पी. के., भौमिक अशी एक परंपराच दिसते. प्रशिक्षक म्हणून भौमिक यांनी ईस्ट बंगालला 2002-03 आणि 2003-04 अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय लीग जिंकून दिली. 2003 च्या जुलैत जकार्ता येथे आसियान क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाला 3-1 असे हरवले. त्या स्पर्धेपूर्वी त्यांनी खेळाडूंना एकत्र हॉटेलात ठेवून, स्वतंत्र शारीरिक प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तयारी करून घेतली होती. आज हे सगळे नेहमीचे झाले आहे, पण त्या काळी भारतीय क्लबात असा खर्च आणि अशी शिस्त विरळाच होती.

शब्बीर अली हैदराबादचे. 1974 च्या आशियाई युवा स्पर्धेत इराणसह संयुक्त विजेत्या ठरलेल्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. 1998-99 मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्याच्या साळगावकर संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळे त्या विजयाचा आनंद आमच्या कॅम्पातही झाला होता.

आता परवान्याविषयी. केवळ खेळाडू म्हणून असलेल्या नावावर मोठा संघ मिळण्याचे दिवस संपले आहेत. भौमिक यांच्याकडे आशियाई फुटबॉल महासंघाचा ‘ए’ परवाना नव्हता, त्यामुळे 2012-13 मध्ये गोव्याचा चर्चिल ब्रदर्स संघ आय-लीगचा (राष्ट्रीय लीगच्या नंतरच्या रूपाचा) विजेता झाला तेव्हा ते तांत्रिक संचालक होते आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून मारियानो डायस यांचे नाव होते. दोन राष्ट्रीय लीग जिंकलेल्या माणसालाही कागद आडवा आला, हे आपण ध्यानात ठेवावे. डी, सी, बी, ए आणि प्रो असा हा क्रम आहे. डी परवान्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण लागतात. वरच्या पायऱ्यांवर मैदानावर सराव घेऊन दाखवावा लागतो. खेळ चालू असताना चूक हेरायची, नेमक्या क्षणी खेळ थांबवायचा आणि थोडक्यात दुरुस्त करून पुन्हा सुरू करायचा, हे परीक्षक पाहतात. आपला जिल्हा कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेच्या कक्षेत येतो, त्यामुळे जिल्हा संघटनेत नाव नोंदवून बंगळूरला होणाऱ्या अभ्यासक्रमांवर लक्ष ठेवावे. कोल्हापूर आपल्याला जवळचे आणि तेथील तालमींच्या संघांशी आपले नातेही जुने. पण नोंदणी ज्या राज्यात आहे तेथूनच सुरुवात केलेली बरी.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. शाळेला होकार कळवत आहे. एक शेवटची विनंती: संघात बारा ते चौदा वयाची मुले आहेत आणि प्रत्येकाला फॉरवर्डच व्हायचे आहे. पहिल्या काही आठवड्यांत नेमके काय करून घ्यावे?

उत्तर (येळ्ळूर)

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, म्हणून या वयाच्या मुलांपुरते लिहितो. पूर्ण मैदानावर अकरा-अकरा खेळवू नका. चार विरुद्ध चार असे छोटे सामने ठेवा आणि दर काही मिनिटांनी जागा बदला, म्हणजे प्रत्येक मुलगा बचावही करील आणि गोलही मारील. या वयात कोणाची जागा कायमची ठरवू नये.

बचाव शिकवताना आपल्याला फॉरवर्ड म्हणून ज्या बचावपटूंचा त्रास झाला, त्यांच्यापासून सुरुवात करा. धावत येऊन पाय घालणारा बचावपटू आपण सहज चुकवला असेल. अंतर राखून, अंग तिरपे ठेवून आपल्याला बगलेकडे ढकलत नेणारा मात्र नकोसा झाला असेल. तसे उभे राहायला मुलांना शिकवा. बचावपटूच्या नजरेआड राहून त्याच्या खांद्यामागून धाव कशी घेतात, हे स्वतः सावकाश चालून दाखवा आणि मग बचावातल्या मुलाला विचारा की, चेंडू आणि माणूस दोन्ही दिसावेत यासाठी तू कोठे उभा राहशील. हे दाखवायला धावावे लागत नाही, त्यामुळे गुडघ्याची अडचण येणार नाही.

आपल्याकडे एकाच संघात मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू बोलणारी मुले असतात. म्हणून सूचना दोन-तीन शब्दांच्या ठेवा आणि त्या सर्वांना सारख्याच कळतील असे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. पाऊस सुरू झाला की तांबड्या चिखलात जमिनीवरचा पास अडतो आणि मुले लांब फटके मारू लागतात. त्या दिवसांत शाळेच्या पटांगणातली किंवा सभागृहातली थोडी कोरडी जागा मागून घ्या आणि चेंडू पायात घेऊन वळण्याचा सराव करा. प्रत्येक सरावाची नोंद वहीत ठेवा. काय ठरवले होते, प्रत्यक्ष काय झाले, कोणत्या मुलाला काय जमले नाही, एवढे लिहिले तरी पुरे. परवान्याच्या पुढच्या पायऱ्यांवर सरावाचा आराखडा लिहून द्यावा लागतो, तेव्हा ही वही उपयोगी पडेल.