आईबाबांना घेऊन इटली: शहरं कमी, गावं जास्त. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन इटलीला जायचं ठरतंय. व्हिसा, विमा, विमानाची तिकिटं यांची माहिती मिळाली आहे. मदत हवी आहे ती काय बघायचं आणि काय सोडायचं, हे ठरवण्यात.

सहल कंपन्यांचे कार्यक्रम मागवून पाहिले. सगळ्यांत रोम, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान, रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रोज नवं हॉटेल. बाबा सत्तरीच्या पुढचे, आईचा गुडघा दुखरा. दोघांनी आयुष्यभर बाहेरगावी म्हणजे नातेवाइकांकडे एवढाच प्रवास केला. त्यांना इटली बसमधून दाखवायची माझी इच्छा नाही. एखाद्या गावात चार रात्री राहावं, सकाळी बाजारात जावं, दुपारी चौकात बसावं, असं हवंय. दोन-अडीच आठवडे हाताशी आहेत.

जाण्याचं खरं कारण बाबांचं आहे. ते माणगाव तालुक्यातले. पळसगावच्या यशवंत घाडगे यांचं नाव त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीप्रमुख असलेले घाडगे वगळता सगळे ठार किंवा जखमी. ते एकटेच त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावातला त्यांचा पुतळा कोकणात जाणाऱ्या अनेकांनी पाहिला असेल. २०२३ च्या जुलैमध्ये उंब्रिया प्रांतातल्या मोन्तोने या गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक उभं राहिलं. ती बातमी वाचल्यापासून बाबांच्या मनात ते गाव आहे. एकाही सहल कंपनीच्या कार्यक्रमात मोन्तोने नाही, तेव्हा आमची सहल आम्हालाच आखायची आहे.

माझी स्वतःची एक ओढ आहे, ती सिएनाची. तिथल्या जुन्या नगरसभेच्या इमारतीत अंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये काढलेली चांगल्या आणि वाईट कारभाराची भित्तिचित्रं आहेत. चांगल्या कारभाराच्या भिंतीवर अर्ध्या भागात शहर आहे: दुकानं, गवंडी, फेर धरून नाचणारे लोक. मग वेशीचा दरवाजा लागतो आणि पुढे थेट शेतं सुरू होतात: पेरणी, मळणी, लादलेली जनावरं, शिकारीला निघालेले घोडेस्वार. शहर आणि त्याचं रान एकाच भिंतीवर, मध्ये फक्त वेस. प्रवासही असाच व्हावा असं मला वाटतं, शहर बघावं आणि त्याला पोसणारं रानही बघावं.

आता प्रश्न:

रोममध्ये गुडघा सांभाळून काय बघता येईल? मोन्तोनेला कसं जायचं, मुक्काम कुठे करायचा? आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही, चीजबद्दल मी उलटसुलट वाचलंय. आणि व्हेनिस गाळलं तर फार मोठी चूक होईल का?

आधीच आभार.

प्रतिसाद १

मोन्तोनेसाठी मुक्काम पेरुजात करा. पेरुजा डोंगरावर आहे म्हणून घाबरू नका. खालच्या भागातून वर यायला सरकते जिने आहेत आणि ते रोक्का पाओलिना नावाच्या गडाच्या पोटातून जातात. सोळाव्या शतकात पोप तिसरा पॉल याने शहराला धाक बसावा म्हणून जुनी वस्ती दाबून त्यावर हा गड बांधला. आज सरकत्या जिन्यावर उभं राहून त्या गाडल्या गेलेल्या गल्ल्यांमधून वर जाता येतं. आईंना एकही पायरी न चढता इतकं जुनं काही बघायला मिळणारी जागा दुसरी सुचत नाही. रोमहून पेरुजाला आगगाडी आहे.

पेरुजाहून मोन्तोने गाडीने तासाच्या आत. स्वतः चालवणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो, तो आरटीओतून आधी काढा. जुन्या गावांच्या वेशीवर झेडटीएल (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग) अशी पाटी दिसली की गाडी आत घालू नका. कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस महिन्यांनी घरी येते. गाडी वेशीबाहेरच्या वाहनतळावर लावायची आणि चालत आत जायचं.

घाडगेंच्या वाटेने जाताय तर अजून एक नाव देतो. नामदेव जाधव, त्याच पलटणीची पहिली बटालियन, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून एकेक करून मागे आणलं, मग परत जाऊन तीन मशीनगन मोर्चे बंद पाडले, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना करत बाकीच्या कंपन्यांना पलीकडे बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, आणि ते जिवंत परत आले. सेनिओ ही रोमान्या भागातली नदी, बोलोन्या आणि रावेन्नाच्या मधली. तिचे बांध आजही तसेच उंच दिसतात. आल्फोन्सिने या छोट्या गावात त्या लढाईचं संग्रहालय आहे, रावेन्नाहून आगगाडीने जाता येतं. फोर्लीला तर भारतीय सैन्याचं स्वतंत्र युद्धस्मशान आहे आणि दहन झालेल्या सैनिकांचं स्मारकही. वडिलांना तिथे नक्की न्या. दगडांवर मराठी आडनावं वाचताना आपण किती दूर आलोय हे कळतं, आणि ती पोरं किती दूर आली होती हेही.

प्रतिसाद २

आहाराबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या सासूबाईंसोबत आम्ही हे सगळं निभावलंय.

पार्मिज्यानो रेज्यानो म्हणजे आपण ज्याला पार्मेझान म्हणतो ते चीज नियमानुसार वासराच्या जठरातल्या विरजणानेच लावावं लागतं. ग्राना पादानोचं तसंच. पेकोरिनो रोमानोला कोकराचं. म्हशीच्या दुधाच्या कांपानियातल्या मोझारेल्लालाही वासराचंच. म्हणजे साधा मार्गेरिता पिझ्झासुद्धा काटेकोर पाळणाऱ्यांना चालेलच असं नाही. चीजच्या दुकानात ‘काल्यो वेजेताले’ असं विचारा, वनस्पतिजन्य विरजणाचं काही असेल तर दाखवतात. खानावळीत मात्र सरळ ‘सेन्झा फोर्माज्यो’, चीजशिवाय, असंच सांगा.

पण उपाशी राहावं लागणार नाही. पिझ्झ्यात मारिनारा मागवा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस्स. नेपल्समधल्या जुन्यात जुन्या प्रकारांपैकी हा एक आहे. सुकवलेला पास्ता रवाळ गहू आणि पाण्याचा असतो, त्यात सहसा अंडं नसतं. ताज्या पास्त्यात, विशेषतः बोलोन्याकडे, बहुधा अंडं असतं. सिएनाच्या दक्षिणेला पिची नावाचा हाताने वळलेला जाड पास्ता मिळतो, तो पारंपरिक पद्धतीने पीठ आणि पाण्याचाच. तरी एकदा विचारून घ्या. ‘आल्लाल्योने’ म्हणजे लसूण-टोमॅटोच्या रश्शात घ्यायचा. आमच्या घरी सगळ्यांना तोच सर्वांत आवडला. पिसा-लिव्होर्नोच्या किनाऱ्यावर चेचिना मिळते, हरभऱ्याच्या पिठाची, लाकडाच्या भट्टीत भाजलेली. आपल्या बेसनाच्या धिरड्याची थोरली बहीण समजा. वर मिरपूड घालतात. सासूबाई दोन दिवस तेच मागत होत्या.

सावध राहायचं ते सूप आणि कडधान्यांबाबत. मिनेस्त्रोने, रिबोल्लिता, बीन्स, नाव भाज्यांचं असलं तरी मटणा-कोंबडीचं पाणी किंवा डुकराच्या चरबीचा तुकडा असू शकतो. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही; मांस, मासे, रस्सा, तिन्हींची नावं घेऊन विचारा. मनापासून विचारलं की स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सांगतात, असा आमचा अनुभव.

आणि हे सगळं असूनही पार्माजवळची चीजशाळा बघाच. खायचं नसलं तरी. सकाळी लवकर पोचावं लागतं, कारण मुख्य काम सकाळीच होतं. तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढया असतात. एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर दूध लागतं, चाक चाळीस किलोच्या आसपास भरतं आणि किमान बारा महिने मुरतं. त्या भागातल्या गोठ्यांत पंजाबातून आलेले लोक मोठ्या संख्येने काम करतात. रेज्यो एमिलियाजवळच्या नोव्हेल्लारात २००० साली सुरू झालेला मोठा गुरुद्वारा आहे. आईंना तिथे लंगरात निर्धास्त जेवता येईल, आणि इटलीचं चीज कोणाच्या हातांवर उभं आहे हेही दिसेल. सहल कंपन्या हे दाखवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रतिसाद ३

रोम सपाट आहे असं समजू नका, पण जमतं. सेंट पीटरच्या घुमटावर आईंना नेऊ नका, लिफ्ट अर्ध्यापर्यंतच आहे, पुढे तीनशेहून जास्त पायऱ्या. फ्लोरेन्सच्या घुमटाला तर ४६३ पायऱ्या आणि लिफ्ट नाही. त्याऐवजी पँथिऑनमध्ये दुपारी बसा. ४३ मीटरचा घुमट, मध्ये उघडं भोक, आणि उन्हाचा गोळा भिंतीवरून सरकताना दिसतो. पाऊस असेल तर आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये कारावाज्योची संत मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं आहेत, प्रवेश मोफत.

नेपल्स गाळू नका, एवढं आग्रहाने सांगतो. रोमहून वेगवान गाडीने सव्वा तास. पाँपेईला चालणं फार आहे, दगडी रस्ते खडबडीत आहेत, आईंना त्रास होईल. पण नेपल्सचं पुराणवस्तू संग्रहालय बघाच (मंगळवारी बंद). तिथे एक वीतभरापेक्षा थोडी मोठी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, अंगावर दागिने, दोन बाजूंना दोन लहान सेविका. १९३८ मध्ये पाँपेईच्या उत्खननात मिळाली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीने शहर गाडलं, म्हणजे ती त्याआधी भारतातून तिथे पोचली होती. बरीच वर्षं तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणत, आता बहुतेक अभ्यासक यक्षी मानतात. तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत. त्यामुळे ती मराठवाड्याकडच्या कारागिरांची असावी असं मत आहे. काचेपलीकडे ती दिसली तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नाही. कोणत्या दालनात आहे ते दारातच विचारून घ्या.

प्रतिसाद ४

व्हेनिसबद्दल माझं मत वेगळं. गाळू नका, पण दिवसाच्या सहलीसाठी जाऊ नका. दहा ते पाच तिथे गर्दीशिवाय काही दिसत नाही. एक रात्र राहा. सकाळी सहाला रिआल्तोच्या भाजीबाजाराजवळ होड्यांतून माल उतरताना बघा, आणि मग बोटीने तोर्चेल्लो बेटावर जा. एकेकाळी व्हेनिसहून मोठी असलेली ती वस्ती आज जवळजवळ ओसाड आहे. तिथल्या जुन्या चर्चमध्ये सोनेरी पार्श्वभूमीवर एकटी उभी मेरी आहे, मोझेकची. पूल मात्र पायऱ्यांचे, तेव्हा मुक्काम बोटीच्या थांब्याजवळच घ्या.

हे जमत नसेल तर रावेन्ना घ्या. शहर पूर्ण सपाट, पाचव्या-सहाव्या शतकांतली मोझेक. गाल्ला प्लाचिदियाच्या छोट्या समाधीगृहात निळ्या छतावरचे तारे बघायला मान वर करण्यापलीकडे कष्ट नाहीत. ऑक्टोबरात पाऊस असतो, त्यासाठी बोलोन्या उत्तम. गावभर छपराखालचे कमानदार पदपथ आहेत, मैलोन् मैल छत्रीशिवाय फिरता येतं.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. नामदेव जाधव आणि फोर्लीबद्दल ऐकल्यावर त्यांनी नकाशा मागून घेतला आणि पेन्सिलीने खुणा केल्या. त्यावरून आराखडा असा झालाय: रोम, तिथूनच एक दिवस नेपल्सच्या संग्रहालयासाठी. मग पेरुजा आणि मोन्तोने. मग सिएना, आणि तिथून पिएन्झाकडे एक फेरी, कारण ते गावही सपाट आहे असं वाचलं. शेवटी बोलोन्यात लांब मुक्काम आणि तिथून फोर्ली, रावेन्ना, आल्फोन्सिने, नोव्हेल्लारा. परतीचं विमान मिलानहून, म्हणजे मागे रोमला यायला नको.

पिसा आणि फ्लोरेन्स सोडलं. फ्लोरेन्सचं वाईट वाटतं, पण सिएनाहून बोलोन्याला जाताना गाडी तिथेच बदलायची आहे. मध्ये अर्धा दिवस काढून सान मार्को मठातल्या फ्रा आंजेलिकोच्या चित्रांपुरतं थांबू. व्हेनिस अजून अधांतरी आहे. आई म्हणते रावेन्ना पुरे.

तीन गोष्टी राहिल्या. सिएनाच्या त्या दालनात जतनाचं काम चालू होतं असं वाचलंय. अलीकडे कोणी गेलं असेल तर चित्रं जवळून दिसतात का ते सांगा. मोन्तोनेला स्वतः गाडी चालवायची माझी तयारी नाही, तर पेरुजात चालकासह दिवसभराची गाडी कोणी घेतली असेल तर भाड्याचा अंदाज कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा. आणि बाबांना माणगावहून थोडी माती आणि फुलं न्यायची होती. माती आणि ताजी फुलं युरोपात नेऊ देत नाहीत असं कळलं, म्हणून फुलं तिथेच घेणार. मोन्तोने किंवा जवळच्या उंबेर्तिदे गावामध्ये फुलांचं दुकान कोणी पाहिलंय का?