बुद्धिबळात एकाच डावावर पोरांना घरी कशाला पाठवायचं? पांढरे-काळे बदलून दोन डाव घ्या की

खानापूरचा_उंट:
गेल्या रविवारी एका मंडळानं पोरांची बुद्धिबळ स्पर्धा ठेवलेली, नॉकआऊट, एकच डाव, टॉस हरला की ब्लॅक. आमच्या पोराला तिन्ही फेऱ्यांत ब्लॅकच आला आणि तिसरीत बाहेर. हरला त्याचं काही नाही, पण मोठमोठ्या खेळाडूंच्या डावांचा हिशेब काढला तर पहिली चाल व्हाइटची म्हणून १०० तले ५४-५५ गुण व्हाइटकडं जातात हे जुनंच आहे, मग नाण्यावर कशाला ठरवायचं? जोडीला दोन डाव द्या, मोहरे बदलून. २५ मिनिटांचं घड्याळ १० चं करा, वेळ तेवढाच लागतोय.

शहापूरचा_हत्ती:
काय सांगालाय ओ! ते ५५ ग्रँडमास्टरांचं. इथं पोरं वजीर फुकट घालवतात, त्यांना काय पांढरं नि काय काळं. आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत बायकांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप जिंकला तो शेवटचा डाव ब्लॅकनंच मारून.

खानापूरचा_उंट:
मग तेच माझं उदाहरण आहे की. फायनलला कोनेरू हंपीबरोबर आधी दोन क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे डाव झाले, एक व्हाइटनं एक ब्लॅकनं, दोन्ही बरोबरीत. मग रॅपिडचे, म्हणजे कमी वेळेचे दोन, तेही बदलून. दिव्याला व्हाइट मिळालाच नाही असं झालं काय? कॉम्प्युटरच्या स्पर्धेत तर तीच ओपनिंग दोनदा खेळवतात, दुसऱ्यांदा बाजू बदलून, म्हणजे सुरुवातच वाकडी होती म्हणायला कुणाला जागा राहत नाही. खो-खोत एकच टीम पळणार नि दुसरी नुसता पाठलाग करणार असं चालवून घेता काय?

निपाणीचं_प्यादं:
मी स्पर्धा घेतोय म्हणून सांगतो. ३२ पोरं, शाळेचे दोन वर्ग, घड्याळं बारा, बाकीची मोबाइलवर. १-१ झालं की तिसरा डाव आलाच, त्याला परत टॉस! आर्मागेडन लावा म्हणाल तर व्हाइटला ५ मिनिटं, ब्लॅकला ४ आणि बरोबरी झाली तर ब्लॅक जिंकला, हे आठ वर्षांच्या पोराला आणि त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या बापाला समजावून सांगताना माझी दुपार जाते. चिक्कोडीकडच्या पोरांची शेवटची बस कोण थांबवणार?

वडगाव_टेनिसबॉल:
रात्रीच्या मॅचला दव पडलं की बॉल हातात राहत नाही, दुसऱ्यांदा बॅटिंग करणारा मजेत. म्हणून काय परत मॅच लावायची? इंग्लंडच्या काउंटीत २०१६ पासून काही वर्षं पाहुण्या टीमला टॉस न करता बॉलिंग घेता यायची. तसं करा, जो लहान त्याला व्हाइट, विषय संपला.

खानापूरचा_उंट:
लहान म्हणजे वयानं की खेळानं? आमच्यात सात वर्षांचं एक पोरगं आहे, तुम्हाला मला दोघांना झोपवेल. त्याला वर व्हाइट पण द्यायचा?

कॅम्पातली_आई:
मला सगळ्यात १० मिनिटंच खटकली. माझी मुलगी सावकाश खेळते, २५ मिनिटांत चांगल्या चांगल्यांना हरवते, १० मध्ये घड्याळाकडं बघत घोडा हातात धरून बसते. रंगाचा अन्याय काढायला घड्याळाचा घालायचा हा कुठला न्याय? फटाफट बटण बडवणारी पोरं पुढं जातील, विचार करणारी घरी.

खानापूरचा_उंट:
हं. हे डोक्यात आलं नव्हतं ताई. आमचा पोरगा बडवणाराच आहे, म्हणून मला १० बरे वाटले असतील 😅 पण मग एकाच डावाचा नॉकआऊट तरी नको. स्विस लावा, म्हणजे कुणी बाहेर नाही, दर फेरीला साधारण सारख्या गुणांची पोरं समोरासमोर, पाच फेऱ्या, रंग होईल तेवढे सारखे वाटतात, तीन-दोनपेक्षा जास्त फरक सहसा पडत नाही. आणि हरलेलं पोर पण शेवटपर्यंत खेळतं.

शहापूरचा_हत्ती:
तीन-दोन म्हणजे पण सारखं नव्हेच की! सहा फेऱ्या घ्या मग.

निपाणीचं_प्यादं:
सहा नाही, बस आहे म्हटलं ना. पाच फेऱ्या, २०-२० मिनिटं, पुढच्या वेळी करून बघतो. पण स्विसला सगळी पोरं शेवटपर्यंत बसणार, सोळा बोर्डांना चार घड्याळं कमी पडतात, ती कोण देणार?

खानापूरचा_उंट:
दोन मी आणतो. एकाचं बटण अडकतंय, ते व्हाइटच्या बाजूला ठेवा.