पायथन: सीएसव्ही रीडरवर दुसरा लूप फिरतच नाही

देवगडचा_पोरगा:
काकांच्या आंब्याच्या बागेचा हिशोब बसवतोय. वाशीला गेलेल्या पेट्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाईल) आहे: तारीख, दलाल, पेटी किती डझनी, किती पेट्या, भाव. ती ओळीओळीने वाचून देणाऱ्या रीडरवर पहिला लूप लावून एकूण रक्कम काढतो, ती बरोबर येते. खाली त्याच रीडरवर दलालवार बेरजेचा लूप आहे, तो एकदाही फिरत नाही. एरर नाही, नुसती रिकामी डिक्शनरी. लूपांची अदलाबदल केली तर दलालवार बेरीज येते आणि एकूण शून्य! रेंजवर तर कितीही वेळा फिरता येतं. काका म्हणतायत वहीच बरी.

रत्नागिरीचा_मास्तर:
अदलाबदल करून बघितलीस हे बेस्ट, निम्मं उत्तर त्यातच आहे. रीडर हा इटरेटर. त्याला एकच काम येतं, पुढची ओळ देणं. ओळी संपल्या की तो स्टॉप-इटरेशन, म्हणजे 'संपलं' सांगणारी एरर, फेकतो, आणि फॉर लूप ते गुपचूप गिळतो, म्हणून तुला एरर दिसली नाही. रेंज किंवा लिस्ट दर फॉरला नवा इटरेटर काढून देते. रीडर स्वतःलाच पुढे करतो, आणि तो तर आधीच संपलेला.

शंका आली की वस्तू इटर फंक्शनला द्यायची. तीच वस्तू परत आली तर ती एकदाच वापरायची. मॅप, फिल्टर, झिप पण त्यातलेच. पायथन २ मध्ये हे तिघे लिस्ट द्यायचे, त्यामुळे जुनी ट्युटोरियल वाचून पोरं हमखास फसतात.

एका सीझनच्या ओळी असून असून किती? सरळ लिस्ट करून ठेव. मी असतो तर दोन्ही बेरजा एकाच लूपात घेतल्या असत्या. कोणी इटरटूल्सचं टी (एका इटरेटरचे दोन करून देणारं फंक्शन) सुचवलं तर ऐकू नकोस. तुझा पहिला लूप शेवटपर्यंत जातो, म्हणजे टी सगळ्या ओळी मेमरीत धरूनच बसणार. मग लिस्टने काय घोडं मारलंय?

कणकवली_कट्टा:
तुझो रीडर पयल्याच लूपात संपलो रे! फाईल सीक करून शून्यावर, म्हंजे परत सुरवातीक, आणलंस तरी चलता. पण डिक्ट-रीडर (पयल्या ओळीतले मथळे धरून दर ओळीची डिक्शनरी देणारो रीडर) वापरतस तर जपून, मथळ्याची ओळ दुसऱ्या फेरीत डेटा म्हणान येता. मगे 'भाव' ह्या शब्दाचो इंट (पूर्णांक) करूक गेलंस की व्हॅल्यू-एरर.

देवगडचा_पोरगा:
डिक्ट-रीडरच होता, म्हणून सीकच्या वाटेला गेलो नाही. एकाच लूपात दोन्ही बसवलं, चाललं. सगळ्यात चढा भाव काढायला खाली मॅक्स लावणार होतो, तेही त्याच रीडरवर, ते पण आत घेतलं. आता काकांना पाच डझनी आणि सहा डझनी पेट्या वेगळ्या हव्यात.