कूलरसकट इन्व्हर्टर: बॅटरी किती लागेल, वायरिंग कसं करावं? (नागपूर, स्वतःचं घर, सिंगल फेज)

मानेवाडा_घर

नमस्कार मंडळी. मानेवाड्यात तळमजल्याचं घर, सिंगल फेज मीटर, गच्चीवर ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड (लाइनला जोडलेलं) सोलर. अवकाळी वादळ आलं की लाइन तीन-चार तास येत नाही. घरात म्हातारं माणूस आणि तान्हं बाळ असल्यामुळे मे महिन्यात नुसत्या पंख्यावर भागत नाही, एका खोलीतला डेझर्ट कूलर चालायलाच हवा. त्याशिवाय दोन पंखे, चार एलईडी दिवे आणि वाय-फाय.

दुकानदार ९०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, इन्व्हर्टरची ताकद) इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) एक ट्युब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड) बॅटरी पुरेल म्हणतो. तेवढ्यावर चार तास निघतील का? डीबीत (वीज वाटपाच्या पेटीत) मेन आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) आहे, त्यात काही बदल लागेल का? आणि सोलर असूनही लाइन गेली की घरात अंधार का होतो?

वॅट_मांडा

भाऊ, व्हीए नंतर बघू, आधी वॅट मांडा. साधा पंखा ७५ वॅट धरला तर दोनाचे १५०. कूलरचा पंखा १८० आणि पंप ३० मिळून २१०. दिवे ४०, वाय-फाय १२. एकूण ४१२ वॅट.

कूलरचा आकडा मात्र अंदाजाने धरू नका. लोकल बॉडीच्या कूलरमध्ये मोटर कोणती बसवली आहे त्यावर तो १५० पासून २५० पर्यंत कुठेही असतो. घरच्या मीटरवरच मोजता येतो. रात्री, सोलर बंद असताना, घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त कूलर लावा आणि मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे, तर मिनिटाला १० लुकलुक म्हणजे साधारण १८८ वॅट.

आता बॅटरी. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण हा १५० चा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा असतो (लेबलवर सी-२० लिहिलेलं दिसेल). तुमचे ४१२ वॅट इन्व्हर्टरचा लॉस धरून बॅटरीतून ४० अँपिअर ओढतील. इतक्या वेगाने ओढलं की तीच बॅटरी ११० एएचच्या आसपासच देते. त्यातलीही पूर्ण काढायची नाही, ८० टक्क्यांवर थांबायचं. म्हणजे हातात येतात सव्वादोन तास. बॅटरी नवी असताना. दोन उन्हाळ्यांनंतर त्याहूनही कमी. तेव्हा चार तास हवे असतील तर एका बॅटरीवर होत नाही.

दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला), २४ व्होल्टचा सिस्टिम घ्या. तोच लोड आता २० अँपिअरच ओढेल, बॅटरी कमी दमते आणि साधारण पाच तास मिळतात. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या हव्यात. जुनी-नवी जोडी लावली की दोन्ही सारख्या चार्ज होत नाहीत, जुनी डिस्चार्जमध्ये आधी तळाला जाते, आणि दोन्ही लवकर बाद होतात.

लिथियम फॉस्फेट घ्यायची असेल तर २५.६ व्होल्ट १०० एएच, म्हणजे २५६० वॅट-तास. त्यातले ९० टक्के वापरता येतात, तुमच्या लोडवर साडेचार तासांच्या वर. पाणी नाही, वास नाही, वजन ट्युब्युलर जोडीच्या चौथाईपेक्षाही कमी. पण इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग हवीच. ट्युब्युलरच्या चार्जिंगवर ती जोडली तर बॅटरीतलं बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) मध्येच तोडतं.

माझा सल्ला: बॅटरी वाढवण्याआधी दोन्ही पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) करा. १५० चे ६४ वॅट होतात. त्या पैशात जो वेळ वाढतो तो बॅटरीतून इतका स्वस्त मिळत नाही.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच (लाइनसारखीच वीज देणारा). स्क्वेअर वेव्हवर कूलरची मोटर गुणगुणते, तापते, आणि वाइंडिंग जळायला लागतं. सुरू होताना मोटर दोन-तीन पट करंट घेते, त्यामुळे २४ व्होल्टमध्ये १४००-१५०० व्हीएच्या आसपासचा घ्या. फ्रिज आणि पाण्याची मोटर यात नको. अर्ध्या एचपीच्या मोटरचा सुरुवातीचा झटकाच इन्व्हर्टर ओव्हरलोडवर पाडतो.

डीबी_आणि_अर्थिंग

वरचा हिशोब बरोबर आहे. पण भाऊ, तुमच्या प्रश्नातला खरा महत्त्वाचा भाग आरसीसीबीचा आहे आणि दुकानदार त्याबद्दल बोलतच नाहीत. लोखंडी टाकी, त्यात पाणी, पाण्यात पंप, ओल्या फरशीवर उघडे पाय. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. तोच कूलर तुम्ही इन्व्हर्टरवर घेताय, म्हणून हे नीट वाचा.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की तोडतो. लाइन गेल्यावर फेज इन्व्हर्टरमधून निघतो, म्हणजे मेन आरसीसीबीच्या पुढून. त्या करंटचा हिशोब मेन आरसीसीबीकडे लागतच नाही. बॅकअपवर तुमच्या कूलरचं रक्षण करायचं तर इन्व्हर्टरच्या आउटपुटला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी लागतो. त्याच्यापुढे दिव्या-पंख्यांना ६ अँपिअरचा आणि कूलरला वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच).

दुसरं, न्यूट्रल. घाईतला वायरमन फेज इन्व्हर्टरवर फिरवतो आणि न्यूट्रल जुन्याच पट्टीवर ठेवतो. मग जाणं एका आरसीसीबीतून आणि येणं दुसरीकडून. परिणाम: दिवा लावला की आरसीसीबी पडतो. यावर 'आरसीसीबीच काढून टाकू' असं कोणी म्हणालं तर त्याला काम देऊ नका. बरोबर उपाय म्हणजे बॅकअपच्या सर्किटांना वेगळी न्यूट्रल पट्टी. ज्या खोलीचा फेज इन्व्हर्टरवर, तिचा न्यूट्रलही तिथूनच. जुन्या घरात दोन खोल्यांना एकच न्यूट्रल गेलेला असतो, तिथे नवी वायर ओढावीच लागते.

इन्व्हर्टरची इनपुट मेन आयसोलेटरनंतर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या मेन स्विचनंतर) पण मेन आरसीसीबीच्या आधी, स्वतंत्र एमसीबीवरून, पक्क्या वायरिंगने द्या. असं केलं की घरात दुसरीकडे लीकेज होऊन मेन आरसीसीबी पडला तरी इन्व्हर्टर उगाच बॅटरीवर जात नाही.

आता तिसरं. काही इन्व्हर्टर आत न्यूट्रल सरळ पार करतात, काही बॅकअपवर गेले की आउटपुटचा न्यूट्रल तोडतात. तोडलेला असेल तर तो जमिनीला कुठेच जोडलेला नाही. मग कूलरच्या बॉडीला फेज लागला तरी करंटला परतायची वाट नाही, आरसीसीबी पडत नाही आणि दोष दडून राहतो. दुसरीकडे न्यूट्रलचं इन्सुलेशन गेलं की तोच दडलेला दोष जीवघेणा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून हे कळत नाही, कारण ते बटण फेज-न्यूट्रलमध्येच करंट सोडतं, अर्थिंग नसली तरी खटका पडतोच.

तपासायचं असं: बॅकअपवर एक दिवा चालू ठेवून परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून घ्या. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट आणि फेज-अर्थ सव्वादोनशेच्या आसपास आलं तर न्यूट्रल पार जातोय, उत्तम. दोन्हीकडे शंभर-सव्वाशे असे अधांतरी आकडे आले तर न्यूट्रल तुटलेला आहे. चाचणीसाठी इन्व्हर्टरचा प्लग उपसू नका, मेन आयसोलेटरही पाडू नका. त्याने न्यूट्रलही निघतो, आणि खऱ्या लाइन जाण्याशी ते जुळत नाही. इनपुटच्या सिंगल पोल एमसीबीने फक्त फेज तोडायचा.

न्यूट्रल तुटणारा निघाला तर स्वतःच्या मनाने डीबीत न्यूट्रल आणि अर्थ जोडू नका. लाइन आल्यावर न्यूट्रलचा करंट अर्थिंगमधून वाहू लागतो. विकत घेतानाच न्यूट्रल पार जाणारा घ्या. आणि कूलरला तीन पिनचा प्लग, तिसरी वायर टाकीच्या बोल्टला रंग खरवडून घट्ट. रंगावर बसवलेला बोल्ट म्हणजे अर्थिंग नव्हे.

टर्मिनल

बॅटरीकडच्या बाजूचं राहिलंच. २४ व्होल्टवर १२०० वॅट ओढले तर जवळपास ६० अँपिअर. तांब्याची २५ चौरस मिमी वायर, दीड मीटरपेक्षा लांब नको, दोन बॅटऱ्यांमधला जोडही त्याच जाडीचा. पॉझिटिव्ह टर्मिनलजवळ ८० अँपिअरचा डीसी फ्यूज टाकाच. घरातला एसीचा एमसीबी तिथे चालत नाही, डीसीची ठिणगी त्याला विझवता येत नाही. बहुतेक जण हा फ्यूज टाकत नाहीत, आणि वायर शॉर्ट झाली की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. जोड आधी घट्ट आवळा, पेट्रोलियम जेली नंतर वरून.

जागा: पश्चिमेची भिंत नको, बंद कपाट नको, झोपायची खोली नको, गॅस सिलिंडरजवळ तर मुळीच नको. चार्ज भरत आला की लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत ४ टक्के झाला की एका ठिणगीने पेटतो. वरून हवा निघेल अशी सावलीतली जागा शोधा. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे नवतपात तापणाऱ्या गॅलरीत ठेवलेली बॅटरी वॉरंटीपुरतीही टिकत नाही. कूलरची ओली हवाही तिच्यावर नको, टर्मिनलला हिरवट-पांढरी बुरशी येते.

डिस्टिल्ड वॉटरच घाला, आरओचं नाही. उन्हाळ्यात दर महिन्याला पाहायचं, भरायचं ते पूर्ण चार्ज झाल्यावर. आधी भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी चढून ॲसिड बाहेर येतं. ॲसिड कधीच घालायचं नाही.

मानेवाडा_घर

खूप उपयोगी, दोन बॅटऱ्या आणि वेगळा आरसीसीबी नक्की करतो. सोलरचं कोणी सांगेल का? शिवाय भाड्याने छोटा पेट्रोल जनरेटर आणून सॉकेटमधून घरात लाइन देता येते, असं शेजारचे काका म्हणतात.

गच्चीवरचं_सोलर

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइनचा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहूनच चालतो. लाइन गेली की त्याने बंद पडणं बंधनकारक आहे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. म्हणून अंधार. त्यात बिघाड नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट जपा. सोलरची एसी वायर डीबीत जिथे येते ती जागा नव्या इन्व्हर्टरच्या आधीची असली पाहिजे. चुकून बॅकअपच्या पट्टीवर आली तर लाइन गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरची साइन वेव्ह पाहून सोलर चालू होईल आणि करंट उलटा त्याच्या आउटपुटमध्ये ढकलेल. आतले मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे भाग) जळतात. लाइन नसताना सोलर वापरायचंच असेल तर त्याला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, तो वेगळा खर्च आणि नेट मीटरिंगची (लाइनला दिलेल्या विजेच्या हिशोबाची) वेगळी परवानगी.

जनरेटर सॉकेटमधून द्यायचा विचार मनातून काढा, काकांनाही समजावा. त्या वायरीला दोन्ही टोकांना उघड्या पिना असतात. मेन पाडायला विसरलं तर वीज उलटी डीपीकडे जाते, तिथे ट्रान्सफॉर्मर २३० चे हजारो व्होल्ट करतो, आणि तारेला हात लावणाऱ्याला कळतही नाही. अधूनमधून जनरेटर लागणारच असेल तर डीबीत दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवा, ज्यात मेन आणि जनरेटर एकाच वेळी जोडलेच जाऊ शकत नाहीत. जनरेटर उघड्या अंगणात, खिडकीपासून लांब ठेवा. गॅलरीत किंवा जिन्याखाली ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला वास नसतो, आणि तान्ह्या बाळाला तो मोठ्यांच्या आधी बाधतो.

वॅट_मांडा

एक राहिलं. १५० एएचची जोडी १५ अँपिअरने चार्ज होते, पूर्ण रिकामी झाली तर भरायला १० ते १२ तास. वादळाच्या दिवसांत रात्री चार तास लाइन गेली आणि सकाळी पुन्हा गेली, तर दुसऱ्या वेळी दोन तासही मिळणार नाहीत. अशा आठवड्यात पहिला तास कूलर आणि नंतर नुसता बीएलडीसी पंखा असा वापर ठेवा. कूलरचा पंप तासातून पंधरा मिनिटं बंद ठेवला तरी वूड वूल (कूलरच्या जाळ्यांतला लाकडाचा कीस) ओलं राहतं.

डीबी_आणि_अर्थिंग

पंप बंद-चालू करायचा तर वेगळा स्विच कूलरच्या बॉडीवर नको, भिंतीवरच्या बोर्डात घ्या. पाणी भरताना मात्र स्विच पाडून भागत नाही, प्लगच काढा, बॅकअप चालू असताना तर नक्कीच.