बदामाच्या दुधाच्या कॉफीला फेस टिकत नाही, मदत हवी आहे (तातडीने)

मीनल_ठाणे
साबांना (सासूबाईंना) शुगर निघाली आहे आणि दूध चालत नाही. पण सकाळची फेसाळ कॉफी त्यांना लागते म्हणजे लागतेच. बदामाचं दूध आणलं, फ्रॉदर घेतला. फेस येतो आणि कपात ओतेपर्यंत बसतो. वर कॉफीत घातलं की फाटतं, कपात नुसत्या चोथ्याच्या गुठळ्या. रविवारी त्यांच्या बहिणी येणार आहेत, त्याआधी जमायला हवं. कृपया घरी स्वतः केलेलं असेल तेच सांगा.

दापोलीकर
नारळाचं दूध! ताजा नारळ खवा, कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवा, पंच्यातून पिळा. पहिलं जाड दूध वापरा, उकळू मात्र नका. आमच्याकडे सगळे आवडीने पितात.

निवेदिता
दूध चालत नाही म्हणजे नक्की काय? लॅक्टोज पचत नाही की अ‍ॅलर्जी? कॉफी इन्स्टंट की फिल्टर? बदामाचं दूध घरचं की खोक्यातलं? खोक्यावर अनस्वीटन्ड लिहिलंय का?

मीनल_ठाणे
खोक्यातलं, अनस्वीटन्ड. कॉफी नेहमीचीच. फेसाचं सांगा ना कोणीतरी.

सह्यकडा
देशी गाईचं ए२ दूध देऊन बघा. माझ्या वडिलांना साधं दूध बाधायचं, हे मानवलं.

निवेदिता
सह्यकडा, ए२ मध्येही लॅक्टोज असतंच, आणि अ‍ॅलर्जी असेल तर तेही धोक्याचंच. मीनल, आधी ते सांग बघू.

मीनल_ठाणे
अ‍ॅलर्जी आहे. अंगावर गांधी उठतात. डॉक्टरांनी दूध, तूप, पनीर सगळं बंद केलंय. कॉफी इन्स्टंट.

प्रयोगवही
फेस टिकतो तो प्रथिनांवर. बुडबुड्यांभोवती त्यांचा पापुद्रा बनतो. खोक्यातल्या बदामाच्या दुधात कपाला जेमतेम १ ग्रॅम प्रथिनं असतात, सोया दुधात ६-७. म्हणून फ्रॉदर कितीही चांगला घेतलात तरी बदामाचा फेस बसणारच. अनस्वीटन्ड सोया आणा, त्यात कर्बोदकंही कमी.
फाटण्याचं कारण कॉफीचा आंबटपणा आणि उष्णता. उकळत्या कॉफीत गार दूध ओतू नका. दूध ६०-६५ अंशांपर्यंत गरम करत फेसायचं, कॉफी दोन मिनिटं निवू द्यायची आणि मग कॉफी दुधात बारीक धारेने सोडायची. ६५ च्या वर नेलंत तर फेस मोडायला लागतो.

अन्नपूर्णा_सांगली
सोयाला उग्र वास येतो. त्यापेक्षा ओट दूध घ्या, फेस सुरेख येतो. आणि साखरेऐवजी चमचाभर सेंद्रिय गूळ, तो नैसर्गिक असतो.

प्रयोगवही
ताई, गूळ म्हणजे साखरच, रक्तातली शुगर तोही वाढवतो. ओटचा फेस छान येतो हे खरं, पण त्यात स्टार्च आहे. बाजारच्या ओट दुधात तो एन्झाइमने फोडून गोड करतात, वेगळी साखर नसली तरी. शुगरवाल्यांनी रोज पिऊ नये.

अन्नपूर्णा_सांगली
माझ्या सासऱ्यांना वीस वर्षं शुगर होती, गूळ रोज खायचे. सगळं पुस्तकात बघून ठरत नाही.

फिल्टरवाला
इन्स्टंट सोडा आधी. चांगली पावडर, पितळी फिल्टर, दाट डिकॉक्शन. डबरा-टंबलरमध्ये (पसरट वाटी आणि पेला) उंचावरून दोन-चार वेळा ओतलं की फेस आपोआप. मशीन कशाला हवं?

निवेदिता
त्या ओतण्यातही दुधाची प्रथिनंच फेस धरतात, बदामावर तेच रडगाणं होणार. उलट इथे इन्स्टंटच सोयीची. मीनल, २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळे फेटत होते ती डालगोना आठवते? इन्स्टंट आणि गरम पाणी समभाग, बीटरने फेटायचं. फेस कॉफीतूनच येतो, दुधावर अवलंबून नाही. त्यात साखर घालतात ती फेसाला अंग यावं म्हणून. तू नुसती फेट, फेस थोडा पातळ होईल आणि लवकर बसेल, तेव्हा कप हातात देताना वर घाल. फिल्टर कॉफी अशी फेटली जात नाही.

दापोलीकर
नारळाचं कोणी मनावरच घेत नाही. चमचाभर खोबरेल तेल गरम कॉफीत घालून मिक्सरला फिरवलं तरी वर मस्त थर येतो.

प्रयोगवही
गरम द्रव बंद भांड्यात फिरवताना वाफेने झाकण उडून हात भाजतात. भांडं अर्धंच भरा, कॉफी जरा निवू द्या. आणि रोज चमचाभर तेल द्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारा.

आप्पा_औंध
साबा थायरॉइडची गोळी घेतात का? त्या गोळीच्या आगेमागे कॉफी आणि सोया नको म्हणतात, अंतर किती ते डॉक्टरांना विचारून घ्या.

मीनल_ठाणे
घेतात, सकाळी उठल्या उठल्या! उद्याच फोन करते. आज सोया आणून बघितलं. फेस टिकला, फाटलंही नाही, कॉफी निवू देऊन बारीक धारेने सोडली. पण साबांनी वासाने कप बाजूला ठेवला. सोयाचा वास जायला काय करता?

अन्नपूर्णा_सांगली
जायफळ किसून घाल चिमूटभर, फेसावर. आणि कॉफी थोडी कडक कर.

सह्यकडा
फ्रॉदर सेलवरचा की चार्जिंगचा? मलाही घ्यायचाय.