दहा पाकिटांवरून निर्वाळा देऊ नका

इंदूरच्या कारखान्यातल्या २०० ग्रॅम शेवेच्या पाकिटांबद्दल तुम्ही लिहिलंत: १० पाकिटं, सरासरी १९८.२, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत याचं माप) ४ ग्रॅम, पी-मूल्य ०.१९, 'म्हणजे मशीन बरोबर आहे'. हा निष्कर्ष निघत नाही.

०.१९ ही मशीन बरोबर असण्याची शक्यता नव्हे. खरी सरासरी २०० असती, तर इतका किंवा याहून जास्त फरक (दोन्ही बाजूंना) निव्वळ योगायोगाने साधारण १९% वेळा दिसला असता, एवढंच ते सांगतं. त्यापेक्षा ९५% विश्वास अंतर (तुमच्या माहितीशी जुळणाऱ्या खऱ्या सरासरीचा पट्टा) पाहा: साधारण १९५.३ ते २०१.१. यात २०० बसतं, तसंच १९६ही बसतं! पाकिटामागे ४ ग्रॅम कमी भरणं गिऱ्हाइकावर अन्याय आहे, आणि तुमची माहिती ती शक्यता नाकारत नाही.

खरी चूक नमुना ठरवतानाच झाली. २ ग्रॅमची तूट पकडायची, तर विचलन ४ आणि अल्फा (फरक नसताना तो आहे म्हणण्याची मान्य केलेली शक्यता) ०.०५ धरून १० पाकिटांच्या टी-टेस्टची (सरासरी २०० पेक्षा वेगळी आहे का, हे तपासणाऱ्या चाचणीची) पॉवर, म्हणजे खरी तूट पकडण्याची शक्यता, जेमतेम २९% येते. म्हणजे दहापैकी सात वेळा तूट निसटणार. ८०% पॉवरसाठी ३४ पाकिटं लागतात. तीही लागोपाठची नकोत, पूर्ण पाळीभर थोड्या थोड्या वेळाने उचला, कारण शेजारशेजारची वजनं एकमेकांसारखी येतात.

आणि कृपा करून 'अजून पाच तोलू, पुन्हा पी बघू' असं करू नका. सारख्या टप्प्यांनी पाच वेळा डोकावलं, तर ५% समजलेली टाइप वन चूक (मशीन बरोबर असताना बिघडलंय म्हणण्याची शक्यता) सुमारे १४% होते.