हृदयविकाराच्या जोखमीचा तक्ता रोजच्या ओपीडीत कितपत मानावा?

प्रश्न (फॅमिली डॉक्टर, कराड):
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दक्षिण आशियासाठी दिलेला रंगीत तक्ता मी वर्षभर वापरतो आहे. वय, लिंग, धूम्रपान, वरचे बीपी आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) एवढ्यावरून, रक्त न तपासता, पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता त्यातून कळते, आणि रंग दाखवला की रुग्णाशी बोलणेही सोपे जाते. गेल्या आठवड्यात ४४ वर्षांचे एक शिक्षक आले होते. धूम्रपान नाही, वरचे बीपी १३४, वजन बेताचे. तक्त्यात हिरवा रंग, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी धोका. त्यांचे वडील मात्र ४९व्या वर्षी झटक्याने गेले. त्यांना ‘काळजी नको’ असे सांगायला माझी जीभ रेटली नाही. आपण काय केले असते?

उत्तर (फिजिशियन, पुणे):
डॉक्टर, आपली शंका रास्त आहे. या तक्त्यात कौटुंबिक इतिहासाला जागाच नाही, आणि दहा वर्षांच्या हिशेबात वयाचे पारडे एवढे जड असते की चाळिशीतला माणूस बहुधा हिरव्यातच राहतो. त्यांचे लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) अवश्य करावे; एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १९० मिग्रॅ/डेसिली किंवा अधिक निघाल्यास कोणताही तक्ता न पाहता स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) सुरू करण्याचा विचार करावा. आणखी एक गोष्ट मला फार खटकते. तक्ता केवळ धूम्रपान विचारतो, त्यामुळे मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू मळून खाणाऱ्या आपल्या रुग्णांची नोंद ‘नाही’ अशी होते. रक्ततपासणीविना वापरायच्या तक्त्यात मधुमेहही धरलेला नाही.

उत्तर (जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, लेस्टर, इंग्लंड):
आमच्याकडील क्यूरिस्क-३ या जोखीम मोजण्याच्या साधनामध्ये आईवडील किंवा भावंडांना साठीच्या आत झालेला हृदयविकार विचारला जातो, भारतीय वंशाची वेगळी नोंद होते, आणि धोका दहा टक्के किंवा अधिक असल्यास स्टॅटिनविषयी चर्चा करतो. तरीही तो आकडा कराडमध्ये वापरू नये, कारण तो इंग्लंडमधील रुग्णांच्या नोंदींवर बेतलेला आहे. आकडा सांगताना मी ‘तुमच्यासारख्या शंभर जणांपैकी इतक्यांना’ असे म्हणतो. टक्केवारीपेक्षा ते रुग्णांना लवकर उमगते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. शिक्षकांना सोमवारी रक्त तपासायला बोलावले आहे. केसपेपरवर आता बीपीशेजारी दोन रकाने वाढवले आहेत: आईवडिलांचा हृदयविकार कोणत्या वयात, आणि मिश्री किंवा तंबाखू.